चालून आलेलं मटण

खोली दाखवताना आबांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का ते विचारलं नाही, जातसुद्धा विचारली नाही. त्याआधी जळोचीत मी चार घरं पाहिली होती आणि चारही ठिकाणी ही तिन्ही उत्तरं देऊन माझी जीभ सुकली होती. आबांनी एवढंच विचारलं की, मी झोपताना उत्तरेकडची खिडकी लावून घेते का. मी म्हणाले, थंडी असली तर घेते. ते नाराज झाले. खिडकीची कडी हातात धरून त्यांनी अट घातली. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत ही खिडकी रात्रंदिवस उघडी राहील. पांघरूण कमी पडलं तर घोंगडी घरमालकाची. म्हातारा आरोग्याचं काहीतरी वाचून बसलाय, असं मला वाटलं. खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं. मी हो म्हणून टाकलं.

दिवाळी होऊन चार दिवस झाले आणि कामावरून येऊन बघते तर माझ्या खिडकीबाहेरच्या गॅलरीत तारेवर मटणाच्या माळा लटकत होत्या. बोटभर जाडीच्या, लालसर, वीत-वीत अंतरावर दोऱ्यानं आवळलेल्या. खाली ओलं गोणपाट अंथरलेलं. आबा स्टुलावर चढून एका हातानं माळ दाबत होते आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या कानाची पाळी. मला बघून म्हणाले, “खिडकी लावली की वारा भिंतीवर आपटून मरतो बघ. उघडी असली की माळंतनं निघून तुझ्या खोलीतनं पार जातो.” म्हणजे माझी खोली हे वाऱ्याचं बोळकांडं होतं आणि त्यात मी भाडेकरू. तिथं राहिले तेवढी वर्षं हे चार महिने मी लसणाच्या वासात आणि घोंगडीत काढले. आता मी दुसऱ्या गावात, चांगल्या फ्लॅटमध्ये राहते. दिवाळी झाली की अजूनही माझा हात आपोआप उत्तरेकडची खिडकी उघडतो आणि घरातली माणसं मला बोलतात.

मी तेव्हा लोणी देवकरच्या एमआयडीसीत खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. जंतू दिसले नाहीत तरी ते असतातच, यावरच माझी नोकरी चालायची. तेव्हा पहिल्याच रविवारी मी आबांना गॅलरीत बसवून तासभर शिकवलं. तापमान, हवेतला ओलावा, हे नसलं तर काय होतं, ते नसलं तर काय होतं. याला इंग्रजीत सॉसेज म्हणतात, परदेशात यासाठी वेगळी कपाटं असतात, तेही सांगितलं. आबांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझ्या लॅबमध्ये चव मोजायचं मशीन आहे का. मी म्हणाले, नाही. “मंग बस गप,” म्हणाले आणि लसूण सोलायला माझ्या पुढ्यात सरकवला.

आबांचं खानदान मेंढपाळाचं. त्यांचा जन्म वाटेवर झाला आणि लहानपण घोडीच्या पाठीवर, गाठोड्यात बांधलेल्या अवस्थेत गेलं. त्याच घोडीच्या दुसऱ्या अंगाला भांडी, कोंबड्या आणि या माळा लटकायच्या. एखादं मेंढरू वाटेत पाय मोडून बसलं तर ते एका दिवसात खाऊन संपत नाही आणि टाकवत तर त्याहून नाही. मग मांडीचं मटण सुरीनं हरभऱ्याएवढं बारीक करायचं, चरबी मिसळायची, मीठ-मसाला लावायचा आणि त्याच मेंढराच्या आतड्यात भरून घोडीला टांगायचं. महिना-सव्वा महिन्यानं भाकरीबरोबर कापून खायचं. आबांच्या घरात याला नुसतं ‘माळ’ म्हणत. दुसऱ्या कुणाकडे ती करतात का, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती.

हत्यारं काय, तर काहीच नाही. आतडं पेरूच्या गुळगुळीत काठीवर उलटं करायचं, चमच्याच्या पाठीनं खरवडायचं, मीठ-लिंबू चोळून चार पाण्यांनी धुवायचं. थंड पेयाच्या बाटलीचं तोंड कापलं की नाळकं तयार. ते आतड्याच्या तोंडात बसवून अंगठ्यानं मटण आत ढकलायचं. हवा राहिली असेल तिथं बाभळीच्या काट्यानं टोचायचं. मीठ किलोला आबांची एक मूठ, त्यांचीच, दुसऱ्या कुणाची नाही. मी एकदा त्यांची मूठ गुपचूप वजनकाट्यावर घेतली. तीन वेळा घेतली, तिन्ही वेळा काटा एकाच आकड्यावर थांबला. तेव्हापासून मी जरा कमी बोलायला लागले.

हवेतला ओलावा ते पापडानं मोजत. जेवायला बसताना भाजलेला पापड गॅलरीच्या कठड्यावर ठेवायचा. भाकरी संपेपर्यंत तो मऊ पडला तर गोणपाट काढायचं, कडक राहिला तर पाणी मारायचं. आणि माळ किती वाळली ते वाळूनं. तारेच्या हँगरच्या एका टोकाला एक माळ आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी, मोजून तीन वाट्या. माळ वाळेल तशी हलकी व्हायची, वाळूचं पारडं खाली जायचं. मग आबा पिशवीतून चमचा-चमचा वाळू काढून बाजूच्या वाटीत टाकायचे, हँगर पुन्हा सरळ होईपर्यंत. वाटी भरली की माळ झाली. तीन हिश्श्यांतला एक हिस्सा वारा खातो, तो त्याला खाऊ द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात मी हेच प्रमाण टक्क्यांत पाठ केलं होतं, त्यामुळे मला थोडा रागही आला.

फ्रीजवर त्यांचा विश्वास नव्हता. फ्रीजमध्ये मटण झोपतं, वाळत नाही, म्हणायचे. घरातल्या फ्रीजमध्ये मावशी, म्हणजे त्यांची बायको, दूध आणि देवाची फुलं ठेवायची. मावशी सोमवार, गुरुवार, शनिवार मटणाला शिवायची नाही आणि उरलेल्या दिवशी नवऱ्याची थट्टा करायची. आबांना दाबून बघायची अशी सवय लागली होती की माणसंही त्यांना तशीच दिसत. माळ आठवड्याची झाली की कानाच्या पाळीसारखी लागते, पुढं नाकाच्या शेंड्यासारखी आणि तयार झाली की तळहाताच्या गादीसारखी. एखादा नवा सरपंच फार बोलायला लागला की आबा पाळीला हात लावून हळूच म्हणायचे, “अजून कानातच हाय.” माझा साखरपुडा मोडला तेव्हा त्यांनी माझी समजूत काढली नाही. पोरगा वरून वाळलेला होता, आतून ओला, एवढंच म्हणाले आणि सहा चकत्या कापून दिल्या. मी सहाही खाल्ल्या. खारट, आंबूस, मागून लसणाचा ठसका. क्वालिटीच्या बाईनं हे खाल्लं, हे मी कंपनीत कुणाला सांगितलं नाही.

एवढा सगळा उद्योग आबा कुणासाठी करत, हे मला पहिल्या वर्षी कळलं नाही. घरात खाणारी तोंडं दोन. शेजारी वाटायचे, पण सगळ्यांत चांगली माळ वेगळी काढून स्वच्छ फडक्यात गुंडाळायचे आणि शिवरात्र उलटली की टेम्पो काढून निरवांगीला जायचे. संध्याकाळी परत यायचे आणि जेवण टाळायचे. दुसऱ्या दिवशी वही काढून मसाल्यात बदल करायचे. एका वर्षी लिंबू वाढलं, एका वर्षी गूळ आला, एका वर्षी त्यांनी गॅलरीत उसाच्या चिपाडाची धुरी केली आणि माझे सगळे ड्रेस गुऱ्हाळातून आणल्यासारखे वास मारायला लागले.

शेवटी मावशीनं सांगितलं. निरवांगीला आबांची थोरली बहीण, अक्का. अक्काच्या लग्नात बापानं तिला एक मेंढी दिली, पण ती माहेरच्या कळपातच राहू दिली. तशी रीत होती. मेंढी अक्काची, तिची पिलं अक्काची, त्या पिलांची पिलं अक्काची; सांभाळायची भावानं. दर वर्षी कळप निरवांगीवरून जायचा तेव्हा आबा चालत अक्काच्या दारात जायचे, तिची मेंढरं दाखवायचे, माळ द्यायचे, एक रात्र राहायचे. अक्का त्या दिवसाची वर्षभर वाट बघायची. मग चारा कमी झाला, रानं बागायती झाली, उभ्या उसात मेंढरं कोण शिरू देणार. आबांनी कळप विकला आणि टेम्पो घेतला. त्या कळपात अक्काची मेंढरंही गेली. विचारायचं राहून गेलं, आणि सांगायला आबा निरवांगीला गेले ते नव्या टेम्पोतून, टेम्पोला हार घालून. अक्कानं पैशाचं नाव काढलं नाही. ती एवढंच म्हणाली, “चालायचं सोडलंस तू. आता तुझ्या हाताला चव ऱ्हायाची न्हाय.”

तेव्हापासून आबा दर वर्षी माळ नेत होते आणि अक्का दर वर्षी ती हातात घ्यायची, वास घ्यायची आणि अंगणातल्या कुत्र्यापुढं टाकायची. भावाला चहा द्यायची, पोरांची चौकशी करायची, पण माळ तोंडाला लावायची नाही. कुत्र्याच्या तीन पिढ्या त्यावर पोसल्या. आबांना ते फार लागायचं. आणि आता वेळ कमी उरला होता. अक्काचं वय झालं होतं म्हणून नाही, ती खुटखुटीत होती. तिचे दात चालले होते. मी राहायला आले तेव्हा चार होते. “दोन ऱ्हायलं,” आबा पुढच्या वर्षी येऊन म्हणाले आणि पहिल्यांदाच मला त्यांची काळजी वाटली. कारण माळ कुस्करून द्यायची नाही, ती दातानं तोडूनच खायची, यावर भावा-बहिणीचं एकमत होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आई-बापाची माळ घरात टांगलेली नसायची, ती घोडीवर असायची. म्हणजे ती चालायची. रोज नवा वारा, नवं ऊन, हलतं-डुलतं मटण. गॅलरीतलं मटण एका जागी उभं राहून कंटाळतं, म्हणून चव येत नाही. माझ्याकडे घोडी नव्हती, पण स्कूटी होती आणि मी रोज तासभर जायचे, तासभर यायचे. आबांनी मागच्या कॅरिअरला दोन बांबू उभे केले, मध्ये दोरी बांधली आणि पाच माळा लटकवल्या. वर पातळ मलमलीचं फडकं, माशा बसू नयेत म्हणून. मी नाही म्हणायला हवं होतं. पण घरमालकाच्या घोंगडीत झोपणाऱ्या माणसाला फार बोलता येत नाही.

तीन आठवडे मी जळोची ते लोणी देवकर मटण फिरवलं. सिग्नलला लोक खिडकीच्या काचा खाली करून बघायचे. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं पहिल्या दिवशी अडवलं आणि रजिस्टरमध्ये ‘सोबतचे सामान’ या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हणाले, नमुने. खाण्याच्या कारखान्यात हा शब्द कुठंही चालतो. दिवसभर स्कूटी झाडाखाली आणि मी लॅबच्या खिडकीतून कावळ्यांवर नजर ठेवून.

वाळू मात्र पटापट निघाली. तीन आठवड्यांत वाटी भरली. आबा हरखले. मावशीला ताट मांडायला लावलं, सुरी लावली आणि चकती पडली. कड दगडासारखी आणि मधोमध कच्चं, ओलं, वासाला आंबलेलं. आबांनी माळ खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी कारण सांगितलं. वारा जोराचा लागला की वरची साल आधी कडक होते, आतलं पाणी आतच कोंडतं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, “आबा, तुमची मेंढरं काय साठच्या स्पीडनं चालत होती का?” पाचही माळा त्यांनी परड्यात खड्डा काढून पुरल्या. शंका आली की कुत्र्यालासुद्धा घालायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्या वर्षी निरवांगीला काहीच गेलं नाही आणि अक्काचा आणखी एक दात गेला.

पुढच्या दिवाळीनंतर आबा स्वतःच घोडी झाले. खांद्यावर काठी, काठीच्या मागच्या टोकाला माळा, वर मलमल. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, जळोचीच्या रस्त्यांवरून, प्लॉटिंगच्या दगडांमधून, उसाच्या बांधांवरून मेंढराच्या चालीनं. वय सत्तरीपलीकडचं आणि उजव्या गुडघ्याला पट्टा. पहिल्या दिवशी मागं एक कुत्रं लागलं. आठवड्यात अकरा झाली. ती माळेवर झेप घेत नव्हती, कारण आबा मागं न बघता तोंडानं हुर्र, हुर्र असा आवाज काढायचे आणि अकराही कुत्री कान पाडून एका बाजूला सरकायची. रिटायर झालेले गुरुजी कट्ट्यावरून विचारायचे, आबा, पुन्हा कळप घेतला का. आबा थांबायचे नाहीत. “व्हय, ह्यास्नी लोकर तेवढी येत न्हाय,” म्हणायचे. मावशी दारात उभी राहून हसायची आणि रात्री तेच गुडघे तेल लावून चोळायची. मी त्यांना इतकं आनंदात कधी बघितलं नव्हतं.

महिना होत आला. वाटी भरायला बोटभर वाळू कमी होती, म्हणजे अजून चार-पाच दिवस. आणि शुक्रवारी अक्काच्या नातवाचा फोन आला. सोमवारी गावात दातांचं शिबिर आहे, अक्काचा राहिलेला एक दात काढून कवळीचं माप घेणार आहेत. आबा फोन ठेवून वाळूची वाटी पुन्हा बघून आले. मी म्हणाले, उद्या टेम्पोनं जाऊन या. ते म्हणाले, “कच्ची माळ न्हेऊ व्हय? वाटंत वाळंल ती. दोन दिस चालंल, वाळंल.” मावशीनं भाकऱ्या बांधल्या. शनिवारी उजाडताना ते हँगर, वाळूची पिशवी, वाटी-चमचा आणि काठी घेऊन निघाले. कुत्री कालव्यापर्यंत सोबत गेली, पलीकडची हद्द दुसऱ्या कुत्र्यांची होती.

मला रविवारी सुट्टी. सकाळी स्कूटीवरून निघाले तर ते कालव्याच्या कडेनं चालताना सापडले. शनिवारची रात्र ओळखीच्या वस्तीवर काढली होती. चाल लंगडी झाली होती, ओठ सुकले होते. मी म्हणाले, बसा मागं, मी हळूहळू नेते. त्यांनी मान हलवली. मग मी एका पायानं जमीन ढकलत, गाडी बंद ठेवून, त्यांच्या शेजारून जात राहिले.  मध्येच ते म्हणाले, इथं एक लिंब होता, त्याखाली अक्का मला खांद्यावरून उतरवून भाकरी चारायची. तिथं आता पाण्याच्या मोटारीची खोली होती.

दुपार कलताना आम्ही निरवांगीत शिरलो. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. लहानखुरी बाई, डोईवर पदर, एकच दात. तिनं आबांचं तोंड बघितलं नाही, काठी बघितली नाही, माळही बघितली नाही. तिनं त्यांचे पाय बघितले. वहाणेचा अंगठा तुटलेला, टाचा धुळीनं पांढऱ्या, करंगळीजवळ फोड फुटून रक्त आलेलं.

“कशानं आलास?”

“चालत आलो, अक्का.”

अक्का उठली. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि भावाच्या पायावर ओतला. पुसायला दुसरं काही नव्हतं, तिनं पदर घेतला. आबांचं लक्ष दुसरीकडंच. त्यांनी घाईघाईनं दाराच्या कडीला हँगर अडकवला, एका टोकाला माळ, दुसऱ्याला वाळू, आणि हँगर तिरपा झालेला बघून चमच्यानं वाळू काढायला लागले. वाटी भरायला अजून चिमूटभर कमी होती. आबा रडकुंडीला आले. म्हणाले, अक्का, एक दिवस थांब, उद्याच्या दुपारपर्यंत होईल, शिबिरवाल्यांना मी सांगतो. अक्कानं हँगरवरून माळ काढली, विळीवर चकती कापली आणि तोंडात टाकली.

ती ज्या बाजूला दात होता त्या बाजूनं चावत होती. फार वेळ लागला. अंगणातलं कुत्रं सवयीनं येऊन पुढ्यात बसलं होतं. आबांचा हात त्यांच्या नकळत कानाच्या पाळीवर गेला होता. शेवटी अक्कानं घास गिळला.

“मीठ जास्त झालंय,” ती म्हणाली आणि दुसरी चकती कापली. मग तिसरी. कुत्र्याला तिनं हाड केलं.

 आबांनी विचारला तो प्रश्न, जो तीस वर्षं वहीत लिंबू आणि गूळ घालून ते विचारत होते. मग इतक्या वर्षांत कधी का खाल्लं नाहीस, अक्का. मीठ तर तेव्हा बरोबर होतं.

अक्काला त्यांच्या अडाणीपणाचं खरंच नवल वाटलं असावं. “ती समदी टेम्पोतनं आल्याली,” ती म्हणाली. “म्या काय म्हनलं हुतं तुला? चालायचं सोडलंस म्हनलं. चवीचं त्येच्या मागनं म्हनलं.”

मी क्वालिटीची बाई, पण मला ओट्याच्या खांबाकडं तोंड करून उभं राहावं लागलं. आबा ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. अक्कानं त्यांना रडू दिलं. हातातली शेंग फोडून दाणे त्यांच्या ओंजळीत टाकत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, कोण गं तू पोरी, आणि उत्तराची वाट न बघता माझ्याही ओंजळीत दाणे घातले.

ऊन उतरल्यावर आबा उठले. काठी खांद्यावर घेतली, पट्टा आवळला आणि अक्काच्या पाया पडून म्हणाले, येतो, अंधाराच्या आत वस्तीवर पोचायला हवं. अक्का त्यांच्यावर उखडली. तिनं काठी हातातून काढून घेतली आणि माझ्या स्कूटीकडं बोट केलं.

“बस त्या पोरीच्या मागं गुमान. पायाची काय दशा करून घेतलीयास. चालत जायाचं न्हाय.”